आमच्या घरातली फ्रेंच बाई

या वयात घरात सवत येईल, असं माझ्या पत्रिकेत कुणाला दिसलं नव्हतं. पण आली. तीही फ्रेंच. आमचे हे तेव्हा सत्तरी ओलांडलेले, मी सत्तरीच्या उंबरठ्यावर, आणि ही बाई प्लॅस्टिकच्या डबीत बसून लायब्ररीतून कॅनडातल्या आमच्या कनाटा गावच्या घरी आली.

ती सिनेमे काढणारी बाई. दिग्दर्शिका. तिचं नाव आमच्या घरात शेवटपर्यंत कुणाला धड उच्चारता आलं नाही, म्हणून आम्ही तिला नुसतं ‘बाई’ म्हणायचो, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. पुढे कळलं की सिनेमात पडण्याआधी ती खरोखरच शाळेत भूगोल शिकवायची. तेव्हा आमचं आम्हालाच कौतुक वाटलं.

पण आधी ह्यांचं सांगते, म्हणजे बाई घरात कशी घुसली ते कळेल.

ह्यांनी जन्मभर टेलिफोनच्या कंपनीत काम केलं. तारेतून आवाज स्वच्छ कसा जाईल, हा त्यांचा विषय. पलीकडचा माणूस शेजारी बसून बोलतोय असं वाटलं पाहिजे, म्हणायचे. घरी पाहुणे आले की त्यांच्या कानाला फोन लावून सांगायचे, “हे जे स्वच्छ ऐकू येतंय ना, ते आमच्यामुळे.” मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. जंतू काही बोलत नाहीत, त्यामुळे दिवसभराचं साठलेलं सगळं मी घरी येऊन बोलायची. हे ऐकायचे. असाच झाला आमचा संसार. मी बोलायचं, त्यांनी ऐकायचं, आणि मध्येच गंभीर चेहऱ्याने असा काही शेरा मारायचा की माझ्या हातातलं लाटणं खाली पडावं.

रिटायर झाल्यावर दोनेक वर्षं बरी गेली. मग माणूस हळूहळू गप्प व्हायला लागला. “अहो, भात टाकू का पोळ्या करू?” ढिम्म. “अहो, विंटर टायर लावून घेतले का?” नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. रिचमंड हिलहून लेकीचा फोन आला की “बरी आहेस ना? हां हां. घे, आईशी बोल,” की फोन माझ्या हातात. लेक मला विचारायची, “आई, इज बाबा मॅड ॲट मी?” मी म्हणायची, “नाही गं, ते तसेच आहेत.” पण ते तसे कधीच नव्हते. लेकीच्या लहानपणी तिच्या बडबडीला तास तास उत्तरं देणारा बाप तो.

मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एक पदार्थ आणायच्या जेवणाला, गेलो तर कोपऱ्यात प्लेट घेऊन बसायचे. समोरचा काहीही बोलो, नंदीबैलासारखी मान हलवायची आणि हसायचं. पुढे तिथे जाणंही बंद केलं. विचारलं तर म्हणे, “तेच लोक आणि तेच विषय.” टीव्हीवरच्या बातम्यांना खाली अक्षरं लावून घेतली. का, तर म्हणे निवेदकांचे उच्चार कळत नाहीत. अहो, जन्म गेला कॅनडात! इथल्या इंग्रजीत तुम्ही माणसं कामावरून काढलीत आणि ठेवलीत, आणि आता उच्चार कळत नाहीत?

माझ्या नाकावर राग असतोच, तो मी काढायची. पण रागाच्या खाली भीती होती, ती मात्र कुणाला दाखवली नाही. रेजिना शहरात माझी एक मैत्रीण राहते. तिच्या नवऱ्याचं असंच सुरू झालं होतं. चांगला युनिव्हर्सिटीत शिकवणारा माणूस, आधी गप्प झाला, मग समोरच्याचं बोलणं सोडून देऊन भलतंच काही बोलू लागला, आणि एक दिवस बायकोला म्हणाला, “ताई, तुम्ही कुणाकडे आलात?” हे तिने मला सांगितल्यापासून माझी झोप उडाली होती. मी ह्यांची चोरून परीक्षा घ्यायला लागले. “परवा आपण कुणाकडे गेलो होतो हो?” कधी बरोबर उत्तर यायचं, कधी नुसतं “हं.” तो “हं” आला की मी लगेच दुसरा प्रश्न विचारायची. माझा माणूस माझ्या समोरच्या खुर्चीत बसून कुठेतरी निघून चालला होता, आणि त्याला हाताला धरून थांबवायचं कसं ते मला समजत नव्हतं.

अशात ती डबी आली. कॅनडाच्या दीडशेव्या वाढदिवसाच्या आधीचा हिवाळा होता. आमच्या लायब्ररीत फ्रेंच सिनेमांची कपाटंच्या कपाटं, देशाची दुसरी भाषाच ती. हे गेले होते मासिकं चाळायला, आणि रबरी बूट घातलेल्या एका जाड्या बाईचं चित्र असलेली डीव्हीडीची डबी घेऊन आले. मी म्हटलं, “हे काय?” तर पुन्हा ढिम्म. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर लावला सिनेमा. फ्रेंच ऐकत, खाली इंग्रजी वाचत आम्ही दोघं बसलो.

काय सिनेमा म्हणावा! उत्तर फ्रान्समधलं बंदराचं गाव. मासे डब्यात भरायचा कारखाना. बायका मासे साफ करतायत. पाच मिनिटं झाली, साफ करतायत. दहा झाली, साफच करतायत. मी म्हटलं, “आता काहीतरी होईल.” नाही झालं. त्या आपल्या सुना, गुडघे आणि पळून गेलेले नवरे यांच्याबद्दल बोलत राहिल्या. शेवटी त्यातली एक पाळी संपल्यावर मोरीत उभी राहते आणि लिंबाची फोड हाताला घासते. धुते, वास घेते, पुन्हा घासते. कारण तिला मुलाच्या लग्नाला जायचंय, आणि मुलगी मोठ्या घरातली आहे. संपला सिनेमा.

“एवढंच?” म्हणून मी वळले, तर हे डोळे पुसत होते. आणि मग बोलायला लागले! ते लिंबू, ती मोरी, त्या बाईने शेवटी हात खिशात का घातले, त्यांच्या स्वतःच्या आईच्या हातांना येणारा रॉकेलचा वास. हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. तासभर बोलत होते. मी मध्ये एक शब्द बोलले नाही, म्हणजे बघा. त्या क्षणी ती बाई समोर असती तर मी तिची ओटी भरली असती.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी बाई. ह्यांनी लायब्ररीत मागणी नोंदवून तिचे होते नव्हते तेवढे सिनेमे मागवले. मी शहाणपणा करून शेजारी बसायला लागले. सिनेमा कळो न कळो, नंतरचा तास माझा होता. आठवडाभर गप्प असणारा माणूस त्या तासात पूर्वीसारखा व्हायचा. आता तुम्हीच सांगा, सवतीचे आभार मानू की तिच्या झिंज्या उपटू? माझ्याशी बोलायला ह्यांना मध्ये दुसरी बाई लागत होती, हे मला झोंबायचंच.

तिच्या दुसऱ्या सिनेमात दोन भाऊ आहेत. बापाची बेकरी दोघांच्या नावावर, आणि दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय. मग थोरला गिऱ्हाईकाला सांगतो, “त्याला म्हणावं, मैदा संपलाय.” गिऱ्हाईक दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या धाकट्याला सांगतं, “मैदा संपलाय.” सबंध गाव पाव घ्यायला येतं आणि निरोप्याचं काम करून जातं. मी म्हटलं, “हे फ्रान्स कसलं, हे तर आमचं साताऱ्याचं चुलत घराणं.” या सिनेमाला तिथल्या मोठ्या महोत्सवात बक्षीस मिळालं, आणि बक्षिसाने माणसाचं होतं तेच बाईंचं झालं. कुणीतरी मोठा निर्माता गाठ पडला. तिसरा सिनेमा म्हणजे राजा, दरबार, घोडे आणि मखमल. दणकून आपटला. समीक्षकांनी सोलून काढलं. बाई गुपचूप आपल्या गावी परत गेल्या आणि शाळेत पुन्हा भूगोल शिकवायला लागल्या. कित्येक वर्षं कॅमेऱ्याला हात लावला नाही.

मला विचाराल तर मला तो आपटलेलाच सगळ्यात आवडला. काय ते दागिने! काय ती झुंबरं! मी तसं म्हटलं, तर ह्यांना कोण राग आला. “तुला कळत नाही, बाई तिथे स्वतःचं घर सोडून परक्याच्या घरात वावरतायत.” मी म्हटलं, “वावरेनात का, घर चांगलं आहे.” त्यावरून आमचं आठवडाभर भांडण चाललं. भांडण! खुसखुशीत, जुन्यासारखं भांडण. मी इतकी खूश होते की ड्राइव्हवेमधला बर्फसुद्धा गुणगुणत शोव्हल केला.

बाई सिनेमात परत आल्या त्या सत्तर वर्षांच्या एका विधवेची गोष्ट घेऊन. नवऱ्याची गाडी गॅरेजमध्ये पडून आहे आणि हिला आता ती चालवायला शिकायचीय. शिकवणारा मास्तर तिच्या धाकट्या मुलाच्या वयाचा आणि भित्रा. यात प्रेमबीम काही नाही. ती फक्त शेवटी एकटी गाडी घेऊन समुद्रापर्यंत जाते, आणि गाडी उलटी वळवता येत नाही म्हणून तिथेच बसून डबा खाते. हा सिनेमा पाहिल्यावर मी मैत्रिणींना फोन केले आणि पुढच्या रविवारी आमच्या बेसमेंटमध्ये खेळ ठेवला.

फ्रेंच सिनेमा म्हटल्यावर मैत्रिणींचे नवरे, जे एरवी भजनाला बोलावलं तरी पाठदुखीचं कारण सांगतात, ते झाडून हजर. दाढ्या करून. आम्ही त्या दिवशी मुद्दाम कारखान्याचा सिनेमा लावला. अर्धा तास मासे साफ झाल्यावर एक जण कुजबुजला, “वहिनी, हा फ्रेंचच आहे ना नक्की?” बायका मात्र रंगल्या. मराठी माणसाला फ्रेंच सिनेमासारखी सोय नाही. भाषा कळतच नाही, तेव्हा गप्पा मारायला मोकळीक, डोळे अक्षरांवर ठेवले की झालं. “अगं, सोड त्या मेल्याला!” “लिंबाने काय होतंय, बेसन लाव म्हणावं!” असा सगळा बेसमेंट त्या फ्रेंच बायकांना सल्ले देत होता. त्या गलक्यात हे एकटे शांत बसून एकाग्र वाचत होते. मला वाटलं, काय हा माणूस, याला आजूबाजूच्या जगाचा त्रासच होत नाही. योगीच!

मध्यंतरी माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढायला लागला, खालची अक्षरं धूसर दिसायची. मी लायब्ररीत खटपट करून बाईंच्या एका सिनेमाची इंग्रजी बोलणारी प्रत मिळवली. खाली अक्षरं नाहीत, वाचायला नको, नुसतं ऐकायचं. ह्यांना केवढा आनंद होईल! लावला. दहा मिनिटांत चुळबुळ. पंधरा मिनिटांत उठले. “बंद कर ते. मूळ भाषेतच पाहिला पाहिजे. बाईंचा आत्मा गेला यातून.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, “फ्रेंचचं एक अक्षर कळत नाही तुम्हाला, आणि आत्मा बरा कळतो! उद्यापासून चहाऐवजी वाईन देत जाऊ का?” हे वर जाऊन ड्रॉवर उघडून स्क्रू-ड्रायव्हर शोधत बसले. मी तो सिनेमा एकटीने शेवटपर्यंत पाहिला आणि काहीही कळलं नाही, कारण रडू येत होतं.

त्या वर्षी मंडळाची अध्यक्षा नवी होती. आमच्याहून पुष्कळ लहान, चेहऱ्यावर सदा उत्साह. फेब्रुवारीतल्या व्याख्यानासाठी ती वक्ता शोधत होती, आणि तिला कुणीतरी आमच्या बेसमेंटवाल्या खेळाचं सांगितलं असावं. आली घरी आणि म्हणाली, “काका, तुम्ही त्या फ्रेंच दिग्दर्शिकेवर बोला.” माझी खात्री होती की हे नाही म्हणणार. मी मध्येच पुढे झाले आणि तिचं बोलणं जरा मोठ्याने पुन्हा सांगितलं, माझा आवाज मोठाच आहे. हे विचारात पडले. मग म्हणाले, “बोलतो.”

मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. माणूस बाहेर पडणार, लोकांत जाणार, बोलणार! तयारी पाहाल तर बोर्डाच्या परीक्षेला बसल्यासारखी. एक दिवस मला विचारलं, “पहिल्या रांगेत हल्ली कोण बसतं?” मी म्हटलं, “कोण बसणार? तेच तिघे.” हे तिघे म्हणजे हृदयाचे रिटायर डॉक्टर, पूल बांधणारे इंजिनियर आणि भूगर्भवाले प्राध्यापक. व्याख्यान ज्ञानेश्वरीवर असो की गर्भसंस्कारावर, पहिले तीन प्रश्न यांचे. तेही दणदणीत आवाजात, आधी स्वतःचं दहा मिनिटं सांगून. सिनेमाचा कार्यक्रम असेल तर डॉक्टर विचारणार, यात गाणी का नाहीत. इंजिनियर विचारणार, आपल्याकडे असे सिनेमे का होत नाहीत. प्राध्यापक विचारणार, यातून समाजाला संदेश काय. ह्यांनी त्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तयार केली, त्याच क्रमाने, आणि पाठ केली. अपेक्षित प्रश्न पाठ करूनच हा माणूस शाळेत पहिला यायचा. मी म्हटलं, चालू दे, जुनी खोड आहे.

रविवारी दुपारी शाळेचा हॉल मंडळाने घेतला होता. बाहेर झोंबरा वारा, आत मसाले दूध. ह्यांना शाल आणि श्रीफळ आधीच देऊन टाकलं, म्हणजे नंतर घाई नको. हे उभे राहिले, हातात कागदाचा चिटोरा नाही, आणि पाऊण तास बोलले. लॅपटॉपवरून मागच्या पडद्यावर बाईंच्या सिनेमातली चित्रं येत होती. बाईंनी पहिला कॅमेरा कसा उसना आणला, विद्यार्थ्यांच्या आयांनाच नट्या कसं केलं, बेकरीवाले भाऊ, घोड्यांची फजिती, समुद्राकाठी डबा खाणारी म्हातारी. हॉल हसत होता, गप्प होत होता, पुन्हा हसत होता. लिंबाचा प्रसंग सांगितला तेव्हा मागच्या रांगेतल्या पोरांनीसुद्धा फोन खाली ठेवले. मी पहिल्या रांगेच्या टोकाला बसले होते. वाटलं, उगाच घाबरले मी, कुठे काय झालंय ह्यांना? माझी छाती अशी फुगली की कोटाचं बटण तुटायचं.

टाळ्या संपल्या आणि अध्यक्षा माइकवर आली. “दर वेळी काकालोकच प्रश्न विचारतात,” ती म्हणाली. “आज आधी बायका विचारतील. काका मंडळींनी दूध प्यावं.” हशा, टाळ्या. सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या.

माँट्रियलहून नवीन आलेली एक मुलगी उठली. आवाज बारीक, गोड. “काका, या बायका सिनेमाभर खाताना दिसतात, पण स्वयंपाक करताना एकदाही नाही. असं का?” किती छान प्रश्न! ह्यांनी हसून मान डोलवली आणि म्हणाले, “गाण्यांचं म्हणाल, तर या सिनेमांत गाण्यांची गरजच नाही.” लोक हसले. वाटलं, काका गंमत करतायत. ती मुलगी गोंधळून खाली बसली.

दुसरी उठली, शाळेत शिकवणारी. तिने विचारलं, “तो मोठा सिनेमा पडल्यावर बाई पुन्हा त्याच गावात, त्याच शाळेत गेल्या. त्यांना लाज नसेल वाटली?” हे म्हणाले, “आपल्याकडे असे सिनेमे का होत नाहीत, हा महत्त्वाचा प्रश्न आहे.”

या वेळी कुणी हसलं नाही. खुर्च्या करकरल्या. माझ्या मागे कुणीतरी हळूच म्हणालं, “बिचारे. सुरू झालं वाटतं.” आणि ज्या मैत्रिणीला मी बेसमेंटमध्ये बटाटेवडे खाऊ घातले होते, तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. असा हात मी रेजिनाच्या मैत्रिणीच्या खांद्यावर ठेवला होता.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हॉलमध्ये गारठा होता आणि ह्यांच्या कपाळावर घाम. नजर अध्यक्षेच्या तोंडाकडे, तिथून त्या शिक्षिकेच्या तोंडाकडे, तिथून माझ्या. प्रत्येकीच्या ओठांकडे बघत होते. अगं बाई! आत्ता पाऊण तास एक नाव न विसरता, एक प्रसंग न गाळता बोललेला माणूस हा. याचं डोकं तर शाबूत आहे. मग? इंग्रजी बोलणारा सिनेमा अर्ध्यावर सोडला, तो का? लेकीचा फोन दोन वाक्यांत माझ्या हातात येतो, तो का? बातम्यांना अक्षरं का? आणि एवढ्या गलक्यात योग्यासारखा बसतो, तो का?

माझ्या नवऱ्याला ऐकूच येत नव्हतं.

पहिल्यांदा मला काय वाटलं, खरं सांगू? आनंद झाला. निव्वळ आनंद. उठून फुगडी घालावीशी वाटली. माझा माणूस कुठेही गेला नव्हता! मग लगेच असा संताप आला की श्रीफळ तिथेच त्यांच्या डोक्यात फोडावं. आणि मग ते तिथे एकटे उभे दिसले, अंगावर शाल, तिसरं पाठ केलेलं उत्तर तोंडात तयार, आणि ते मला बघवेना.

मी उठले. तरातरा जाऊन लॅपटॉपपाशी बसले. मराठी टाइप करता येत नाही मला, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठीच लिहिलं, मोठ्यात मोठ्या टायपात. “बायका खाताना दिसतात, स्वयंपाक करताना नाहीत. का?” मागच्या पडद्यावर, समुद्राकाठच्या म्हातारीच्या पोटावरून, ते वाक्य उमटलं. सगळ्या हॉलने वाचलं. ह्यांनी मान वळवून वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. चेहरा असा पडला की मला वाटलं, मी काय करून बसले! आता हे उतरून सरळ गाडीत जाऊन बसणार आणि पुन्हा जन्मात बोलणार नाहीत.

त्यांनी चष्मा काढला, शालीच्या टोकाने पुसला, परत घातला. “छान प्रश्न आहे,” म्हणाले. “या बायका दिवसभर कारखान्यात दुसऱ्यांचं अन्नच भरत असतात. बाई त्यांना घरी आणतात ते जेवायला वाढायला. कामाला लावायला नाही.” माँट्रियलवाल्या मुलीने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

मी दुसरा प्रश्न टाइप केला. लाज नसेल वाटली? तो त्यांनी दोनदा वाचला.

“वाटली असणार,” ते म्हणाले. “ज्या कामात आपलं नाव असतं, तेच काम आपल्याला होईनासं झालं, तर माणूस कुणाला सांगणार? लपवतो. घरच्यांपासूनही लपवतो. बाई बरीच वर्षं गप्प होत्या. मला ते समजू शकतं.”

पुढचा प्रश्न कुणी विचारला ते मला आठवत नाही. माझी बोटं चालेनात. अध्यक्षा येऊन शेजारी बसली आणि बाकीचे प्रश्न तिने टाइप केले. शेवटी डॉक्टरांनी गाण्यांचं विचारलंच, तेव्हा पडदा वाचून हे म्हणाले, “याचं उत्तर मी मघाशीच दिलंय,” आणि सगळा हॉल हसून कोसळला.

गाडीत बसलो. ह्यांनी काचेवरचा बर्फ खरवडला, गाडी सुरू केली. उन्हं उतरत होती, रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग पिवळे दिसत होते. मी म्हटलं, “रागावलात?” उत्तर नाही. आज पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही.

पहिल्या लाल सिग्नलला ते समोर बघतच म्हणाले, “मला ऐकू येत नाही.”

“ते कळलं मला!” मी ओरडले.

“ओरडू नकोस. ओरडलं की आणखी कळत नाही.” मग म्हणाले, “तीनेक वर्षं झाली. वरच्या पट्टीतलं आधी जातं. पाखरं जातात, मग लहान मुलं, मग बायका. पुरुष शेवटी. आमच्या धंद्यातलंच आहे ते, मी तुला आलेख काढून दाखवीन.”

मी त्यांची बाही ओढली, तोंड माझ्याकडे वळवलं. “मग सांगितलं का नाहीत?”

“काय सांगू? टेलिफोनवाला बहिरा झाला म्हणून?”

“चुलीत गेला तो टेलिफोन! मी इकडे तीन वर्षं मरतेय काळजीने. आणि त्या बाईंचं बरं सगळं कळत होतं तुम्हाला!”

“त्यांचं वाचत होतो,” ते म्हणाले. “त्यांचा आवाज मला कधी ठाऊकच नव्हता, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही. तुझा ठाऊक होता.”

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला, तो त्यांना कळला नाही. मी गुडघ्यावर चापट मारली तेव्हा निघाले. मग मला रडू फुटलं. त्यांना काही ऐकू जाणार नव्हतं, तेव्हा म्हटलं, लाजायचं कशाला, आणि चांगलं भोकाड पसरून रडले.

पुढच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा ह्यांनी वळून पाहिलं. “काय गं?” म्हणाले. “काही म्हणालीस का?”

“उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचंय,” मी म्हटलं. मग नाक पुसून, त्यांच्याकडे नीट तोंड करून, पुन्हा म्हटलं.